वरचा शॉवर की हातातला? छोट्या न्हाणीचा हिशेब

चार बाय सहाची न्हाणी, गच्चीवर हजार लिटरची टाकी, शेजारी सोलर. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठेही बघा, बैठ्या घरांतली मांडणी थोड्याफार फरकाने हीच. बादली-तांब्याला शॉवरची जोड द्यायची ठरली की दुकानदार दोन प्रकार पुढे ठेवतो. एक, भिंतीत गाडलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह) आणि वर पक्का बसवलेला शॉवर. दुसरा, भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, आणि त्याला होजवरचा, म्हणजे लवचिक नळीवरचा, हँड शॉवर. दिसायला पहिला सरस, त्यात वाद नाही.

पण बैठ्या घरात टाकीचा तळ न्हाणीच्या फरशीपासून फार तर ११-१२ फुटांवर असतो. शॉवर ७ फुटांवर बसवला की दाबासाठी उरतात ४-५ फूट. दहा फूट उंचीला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, इथे त्याच्याही निम्मा. त्यावर आठ इंची रेन शॉवर लावला तर पाणी मधल्या भोकांतून नुसतं ओघळतं. हँड शॉवर कमरेशी, तीन फुटांवर धरला की त्याच टाकीचे ८-९ फूट हाताशी येतात. वर माडी असेल आणि न्हाणी तळमजल्यावर, तर ही तक्रार आपोआप मिटते. टाकी चार फुटी स्टँडवर चढवली तरी फरक पडतो. प्रेशर पंप हा तिसरा उपाय, पण करंट गेला की तोही गेला.

आमच्या घरी पारडं हँड शॉवरकडे झुकलं ते दाबामुळे नाही, क्षारामुळे. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाला येणारं पाणी त्या मानाने सौम्य असतं. पण नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले की टाकीत बोअरचं पाणी पडतं, आणि मग शॉवरच्या भोकांवर पांढरी खडी धरते. सगळी भोकं एकदम बुजत नाहीत, हीच खरी कटकट. अर्धवट बुजलेल्या भोकातली धार तिरकी सुटते. एक धार दारावर, एक खुंटीवरच्या टॉवेलवर, एक थेट गिझरच्या बटणाकडे. चार फूट रुंदीच्या न्हाणीत तिला जायला दुसरी जागाच नसते. दाराची चौकट लाकडी असेल तर खालच्या वीतभरात ती फुगायला लागते. वरचा शॉवर साफ करायचा म्हणजे ओल्या फरशीवर स्टूल, हातात पाना, आणि आर्मच्या (भिंतीतून शॉवरपर्यंत आलेल्या नळीच्या) आट्यांवरची टेफ्लॉन टेप प्रत्येक वेळी नवी. हँड शॉवरचं काम सोपं: होजचा नट हाताने सैल करायचा, तोंड बुडेल एवढ्या कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा-एक तास ठेवायचं, रबरी बोंडं अंगठ्याने चोळायची. बोअरचं पाणी असेल तर हे तीन-चार आठवड्यांनी करावंच लागतं, शॉवर कुठल्याही किमतीचा असो.

भिंतीचंही बघा. गाडलेल्या डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टर-टाईलची किमान आणि कमाल पातळी दाखवलेली असते. गवंड्याने प्लास्टर जाड मारलं की प्लेट आणि दांडा नीट बसत नाहीत. कार्ट्रिज (पाणी उघड-बंद करणारा आतला सुटा भाग) समोरून बदलता येतं, पण आतला सांधा पाझरला तर टाईल फोडण्यावाचून इलाज नाही. साडेचार इंची विटेच्या भिंतीत आडवी खाच मारणं मुळातच वाईट, आणि जुन्या मातीच्या बांधकामात तर तो विचारच नको.

हँड शॉवर काही निर्दोष नाही. होज नटापाशी चिरते, हुकाचं प्लास्टिक सैल होतं, साबण लावताना एक हात अडकतो. ही शेवटची अडचण उभ्या स्लायडिंग दांडीने सुटते. ती दोन फुटांपेक्षा कमी घेऊ नका. शॉवरच्या मुठीवर बटण असेल तर निव्वळ त्याने पाणी बंद करून मिक्सर उघडा ठेवायचा नाही. मग जास्त दाबाच्या बाजूचं पाणी मिक्सरमधून दुसऱ्या लाइनीत शिरतं आणि नळाला गार सोडलं तरी कोमट येतं. कायम दाब राहिल्याने होजही लवकर जाते.

फोडाफोड न करता बसवायचं असेल तर आधी गरम-गार पॉइंटचं अंतर मोजा. मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर हवं. मिक्सरच्या वाकड्या लेगमध्ये (भिंतीतल्या पॉइंटला जोडणाऱ्या तुकड्यांत) थोडी तफावत सामावते, इंचभराची नाही. मिक्सर फरशीपासून तीन ते साडेतीन फुटांवर म्हणजे खाली बादलीही भरते. ते इथे गरजेचंच. सोलरपासून पाऊण इंची सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपची) १५ मीटर लाइन असेल तर गरम येण्याआधी चारेक लिटर गार पाणी सुटतं. वरच्या शॉवरखाली ते अंगावर येतं किंवा मोरीत जातं; इथे ते बादलीत धरून विसणाला वापरता येतं.

टाईल्स नव्याने घालणार असाल तर थ्री-इन-वन मिक्सर (नळ, हँड शॉवर आणि वरचा शॉवर या तिन्हींची सोय असलेला) घ्या, वर पावणेसात-सात फुटांपर्यंत अर्धा इंची पाइप भिंतीत काढा आणि तोंडाला प्लग मारा. पुढे कुणाला हवासा वाटलाच तर साधा चार इंची शॉवर तिथे लागतो. टाईल लावण्याआधी लाइन एक रात्र दाबाखाली ठेवून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवा. आमच्या न्हाणीतला तो प्लग अजून तसाच आहे.