ऑलपिक्स स्क्वेअर्ड: भारी आहे आणि फुकट आहे, पण फ्लुएन्स (रेडिएशनच्या माऱ्याचा आकडा) टाकून मोकळं होऊ नका

सांगलीत घरी बसून ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तीन आठवडे हे डिटेक्टर सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर चालवलंय म्हणून लिहितोय. सिलिकॉन सेन्सरमधून कण गेला की किती चार्ज सुटतो, कसा वाहतो, कुठल्या पिक्सेलला किती मिळतो हे सगळं काढून देतं. ओपन सोर्स आहे, एक रुपया लागत नाही, आणि टीकॅडचं (सेन्सरच्या आतलं फील्ड काढणारं विकतचं सॉफ्टवेअर) लायसन्स आमच्या कॉलेजला कुठलं परवडतंय.

इन्स्टॉल करायला जीव खातं राव. त्याला लागणारी जीअँट४ (कणांचं सिम्युलेशन) आणि रूट (डेटा साठवणं, ग्राफ काढणं) ही सॉफ्टवेअर्स स्वतः बिल्ड करत दोन रात्री घालवल्या, मग गप सगळं तयार बांधून मिळणारी डॉकर इमेज घेतली आणि चहा व्हायच्या आत पहिला रन झाला.

आता मेन गोष्ट. कॉन्फिगमध्ये ल्युब्लियाना ट्रॅपिंग मॉडेल (रेडिएशनने खराब झालेल्या सिलिकॉनमध्ये चार्ज किती अडकतो ते सांगणारं) लावलं, फ्लुएन्स टाकला १० चा १५ वा घात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढ्या १ एमईव्ही न्यूट्रॉनइतका मारा. ३०० मायक्रॉनच्या नव्या सेन्सरात बावीसेक हजार इलेक्ट्रॉन मिळत होते ते धाडकन उतरले, मी खूश, झाला डिटेक्टर म्हातारा. ग्राफ सरांना दाखवला तर म्हणाले, "इलेक्ट्रिक फील्ड कुठलं घेतलंस रे?" म्हटलं नव्या सेन्सरचंच, लिनिअर. सर नुसते हसले.

झालंय काय, या सॉफ्टवेअरमध्ये फ्लुएन्समुळे फक्त चार्ज अडकायला लागतो, इलेक्ट्रिक फील्ड आहे तस्संच राहतं. खऱ्या सेन्सरात डिफेक्टमुळे स्पेस चार्ज बदलतो, डिप्लिशन व्होल्टेज (अख्खा सेन्सर कामाला लावायला लागणारं) चढतं, रेडिएशनचा लई मार खाल्ला असेल तर फील्ड दोन्ही टोकांना वर येतं. ते फील्ड टीकॅडमधून काढून मेश (जागोजागच्या फील्डच्या आकड्यांची जाळी) म्हणून आपणच द्यायचं. म्हणजे फिरून टीकॅडच! मी शेवटी डिप्लिशन व्होल्टेज हाताने वाढवून काम भागवलं, प्रोजेक्टपुरतं चाललं. लीकेज करंटचा (सेन्सरमधून गळणाऱ्या करंटचा) नॉइजसुद्धा वेगळा हिशोब करून आपणच घालावा लागतो.

टेंपरेचरपण बघा, काही नाही लिहिलं तर २९३.१५ केल्विन धरतं, आणि मार खाल्लेले सेन्सर शून्याच्या खाली थंड ठेवून चालवतात. स्लो वाटलं तर चार्ज पर स्टेप (एका वेळी किती चार्जचा गठ्ठा पुढे सरकवायचा) १० चं १०० करा.

मॅन्युअल मात्र एक नंबर, सगळं त्यात लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. पाचातले चार स्टार. आणि बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर रात्रभराचा रन लावू नका, पहाटे लाईट गेली आणि माझी रूट फाइल अर्धीच राहिली.