पेनिसिलिन-जी: चीनचं की इथलं?

अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल बनवणाऱ्या एका मित्राने विचारलं, कच्चा माल चीनकडून घेऊ की देशी? अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक पेनिसिलिन-जीपासून बनतं, म्हणून प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

भावात चीन वर्षानुवर्षं पुढे राहिलाय. पेनिसिलिन-जी बुरशीपासून मोठाल्या टाक्यांत आंबवून काढतात. त्याला साखर, वाफ आणि क्षणभरही न थांबणारी वीज लागते. चीनने हे सगळं अवाढव्य प्रमाणावर उभं केलं. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारी अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, तरी आपले उत्पादक त्या भावापुढे टिकले नाहीत. याची मला आजही हळहळ वाटते.

भरवशाचं चित्र उलटं. २०२० मध्ये आधी कोरोनाने चीनमधले कारखाने थांबले, मग गलवाननंतर चिनी माल आपल्याच बंदरांत तपासणीत अडकला. अमॉक्सिसिलिनची पावडर नसेल तर कॅप्सूल भरायचं मशीन नुसतं उभं राहतं, कामगार हात बांधून बसतात. त्याच वर्षी केंद्राने औषधांचा कच्चा माल देशातच बनावा म्हणून ६,९४० कोटींची योजना आणली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरू झाला.

दर्जा? दोन्हीकडची प्रत्येक बॅच तपासावीच लागते.

पैशापैशाची चढाओढ असेल तर चिनी माल घ्या, पण तीन महिन्यांचा साठा हवाच. रुग्णालयांना खंड न पडता पुरवठा करायचा असेल, तर थोडं महाग पडलं तरी देशी करार करा.