घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय ५ घ्यावा की जुना मिनी पीसी?

जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), फोटोंचा बॅकअप, स्वतःच्या गिट रेपॉझिटऱ्या (कोडचा बदलांसकट साठा), जोडीला अर्धवट सोडलेले दोन-चार प्रयोग. हे सगळं चोवीस तास चालवायला एक मशीन हवं असलं की शोध दोन ठिकाणी येऊन थांबतो. एक रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक. दुसरा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जाडजूड पुस्तकाएवढा मिनी पीसी: लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एचपी एलिटडेस्क मिनी. माझं मत आधीच सांगून टाकतो. पायच्या बोर्डावरच्या पिनांना सेन्सर वगैरेंच्या तारा जोडायच्या नसतील तर मिनी पीसी घ्या.

एरवी एवढं ठाम बोललो नसतो, पण सध्या काळच मिनी पीसीच्या बाजूने आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे मागतो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं ऑफिसांतून बाहेर पडतायत. लिनक्सला त्या पिढीशी काही देणंघेणं नाही. आय५-६५००टी मध्ये चार कोअर असतात, आणि वर लिहिलेली सगळी कामं एकत्र चालवूनही तो बहुतेक वेळ रिकामाच बसतो.

पायच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी विजेचा निघतो. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. मिनी पीसीच्या प्रोसेसरवर ३५ वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा पूर्ण भाराखाली किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा आहे, मशीन सतत तेवढं खातं असा त्याचा अर्थ नाही. नुसतं चालू असताना अख्खं मशीन साधारण दहा वॅटच्या आसपास असतं, पाय ५ तीन-चार वॅटला. चोवीस तास, बारा महिने चालणारा एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. सात वॅटचा फरक धरला तर वर्षाला एकसष्ट युनिट होतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि दोन्ही मशीनांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. मात्र पायची किंमत धरताना नुसता बोर्ड धरू नका. पॉवर सप्लाय, पंखा, केस, एसएसडी आणि ती बसवायची हॅट (पायवर चढवायचा जोडबोर्ड), हे सगळं त्यात येतं.

पॉवर सप्लायचं जरा सविस्तर सांगतो, कारण पायची बहुतेक गूढ दुखणी तिथून सुरू होतात. पाय ५ला ५ व्होल्टला ५ अँपिअर लागतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर हाताशी आहे, मग वेगळा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. ५ व्होल्टवर हे चार्जर सहसा ३ अँपिअरच देतात. तेवढ्यावरही पाय सुरू होतो, फक्त चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच्या वर करंट देत नाही. मग यूएसबीवर चालणारी हार्ड डिस्क लावा: टिकटिक करते, माउंट होते (सिस्टिमला दिसू लागते), मोठी फाइल कॉपी करताना गायब होते. माणूस डिस्कला शिव्या घालत बसतो आणि दोष असतो चार्जरचा. २७ वॅटचा अधिकृत सप्लाय घेतला की हा प्रश्न मिटतो, म्हणून तो ऐच्छिक समजू नका.

दुसरी दुखरी जागा साठवणुकीची. एसडी कार्ड फोटो ठेवायला ठीक, डेटाबेस चालवायला नाही. लॉगची एक ओळ जरी लिहायची झाली तरी कार्डाच्या आत फ्लॅशचा मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहिण्याची वेळ येऊ शकते. सर्व्हर अशा बारीक ओळी दिवसभर लिहीत असतो. त्यात लिहिता लिहिता वीज गेली तर त्या ओळीशी संबंध नसलेला डेटाही बिघडू शकतो. पाय ५ला पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीची एक लेन आहे, तिथे एनव्हीएमई (त्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी लागते आणि छान चालते. अधिकृत वेग दुसऱ्या पिढीचा, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ५०० एमबी. घरच्या सर्व्हरला तो पुष्कळ झाला. पण इथवर येईपर्यंत क्रेडिट कार्डाएवढ्या बोर्डावर एक मजला चढलेला असतो. मिनी पीसीत बहुतेक वेळा एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आणि अडीच इंची साटा डिस्कची जागा, दोन्ही आयत्या मिळतात. रॅमच्या पट्ट्या बदलता येतात. पायची रॅम बोर्डावरच डाकलेली असते, त्यामुळे घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हल्ली फारसं अडत नाही, बहुतेक डॉकर इमेजा (लगेच चालवता येतील असे बांधून दिलेले प्रोग्रॅम) एआरएमसाठीही, म्हणजे पायच्या जातीच्या प्रोसेसरसाठीही मिळतात. तरी एक खोच आहे. पाय ५वर रास्पबेरी पाय ओएसचा डिफॉल्ट कर्नल (ओएसचा गाभा) मेमरीची १६ केबीची पानं (एका वेळी हाताळायचे तुकडे) वापरतो, तर बऱ्याच बायनरी (तयार प्रोग्रॅम फाइली) ४ केबी गृहीत धरून बनवलेल्या असतात. जेमॅलॉक नावाचा मेमरी अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) ज्यांच्या पोटात आहे असे काही प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ’ एवढंच बोलून मान टाकतात. कॉन्फिग फाइलमध्ये ४ केबीवाला कर्नल निवडला की चालू होतात. एका ओळीचं काम, पण ही ओळ आधी माहीत नसेल तर संध्याकाळ गेली.

व्हिडिओ सर्व्हर चालवायचा असेल तर पायचा विचारच करू नका. पाय ५मध्ये हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणारा भाग) नाही. पाय ४मध्ये होता, नव्यात काढला. इंटेलमध्ये त्या कामाला क्विक सिंक आहे. एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटच्या १० बिटच्या फाइली असतील तर सातव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर बघा, सहाव्यात ८ बिटपर्यंतच सोय आहे.

जुन्या मशीनचीही नाटकं असतात. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड असेल तर ते घेऊच नका, विकणारा काहीही सांगो. अ‍ॅडॉप्टर मूळचाच हवा. काही मशीनं परका अ‍ॅडॉप्टर ओळखतात आणि प्रोसेसरचा वेग गुपचूप खाली आणतात. व्हीप्रोवाल्या (इंटेलची ऑफिसांसाठीची सोय असलेल्या) मशीनमध्ये आधीच्या ऑफिसने एएमटी चालू ठेवलेलं असू शकतं. म्हणजे दुरून मशीन हाताळायचं दार उघडं. आत जाऊन ते रीसेट करा. पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट ही कामं धरूनच चाला.

नवा एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी हा मधला मार्ग. वीज कमी, एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा डीकोडसुद्धा मिळतो. पण अनोळखी ब्रँड असेल तर बायोसचं अपडेट पुन्हा कधी येईल याची आशा धरू नका. जुना लॅपटॉप फुकट पडून असेल तर आजच सुरुवात करता येईल आणि बॅटरी यूपीएसचं काम करेल, पण सतत चार्जिंगवर राहून ती फुगत नाही ना, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

मग पाय घ्यावा कुणी? ज्याला त्या चाळीस पिनांशी काम आहे त्याने. सेन्सर, रिले, कॅमेरा, छोटा डिस्प्ले हे सगळं लिनक्समधून थेट पायथनने चालवायचं तर पायसारखी सोय नाही आणि मदतही भरपूर मिळते. फक्त पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलात तर पिन जाते, कधी कधी अख्खा बोर्ड. नुसतं तापमान मोजून पाठवायचं असेल तर मात्र पायसुद्धा जास्तच होतो. ईएसपी३२ ही छोटी चिप वायफायवरून एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने) आकडे पाठवेल आणि ते साठवायला मिनी पीसी आहेच. माझ्याकडे हीच मांडणी आहे.

मिनी पीसी घेतलात तर पहिल्या दिवशी बायोसमध्ये ‘आफ्टर पॉवर लॉस’ शोधा आणि ‘पॉवर ऑन’वर ठेवा. पाय वीज आली की आपोआप उठतो. मिनी पीसी बरेचदा बंदच राहतो, आणि नेमके तेव्हा तुम्ही बाहेरगावी असता.