लाल प्रकाशाचा पट्टा: ऊब खरी, दावा उसना

मधुमेहामुळे आईच्या तळपायांना मुंग्या येतात, म्हणून दिवाळीनंतर जळगावच्या एका दुकानातून पायांना गुंडाळण्याचा लाल व अवरक्त प्रकाशाचा पट्टा साडेसहा हजार रुपयांना घेतला. थंडीभर तो रोज रात्री वीस मिनिटे वापरला. शिवण पक्की आहे, वेळ संपली की तो आपोआप बंद होतो, वायर मात्र आखूड आहे. उबेमुळे आईला झोप बरी लागली; मुंग्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

माझी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. ‘प्रकाशाने नायट्रिक ऑक्साइड मोकळे होऊन रक्तवाहिन्या सैलावतात’ हे त्यातील वाक्य निराधार नाही. हा रेणू रक्तवाहिनीच्या स्नायुपेशीत सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतो आणि स्नायू सैल पडतो. या शोधाबद्दल १९९८ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीची पट्टी प्रकाशात सैलावते हे १९५० च्या दशकातच पाहिले होते. पुढे रुथेनियम या धातूची काही संयुगे अशी घडवली गेली की प्रकाश पडताच त्यांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, आणि ते शरीरात काही सेकंदच टिकत असल्याने परिणाम उजेड पडेल तेवढ्याच जागी साधता येईल, ही त्यामागची सुंदर कल्पना. पट्ट्यात असे कोणतेही संयुग नाही. उलट, धुळ्याच्या एका रुग्णालयात काकांना रक्तदाब उतरवण्यासाठी नायट्रोप्रुसाइड हे नायट्रिक ऑक्साइड सोडणारे औषध लावले होते, तेव्हा ती बाटली चंदेरी कागदात गुंडाळलेली होती, कारण उजेडात ते औषध विघटित होऊन त्यातून सायनाइडही सुटते.

त्वचेतील साठ्यातून अतिनील किरणांमुळे नायट्रिक ऑक्साइड सुटते हे खरे; परंतु तसले ऊन खानदेशात फुकट मिळते आणि हा पट्टा त्या किरणांचा नाही. लाल प्रकाशावरही प्रयोगशाळांत काम झाले आहे, पण पत्रकात तरंगलांबीही नाही आणि तीव्रताही नाही, मग दावा पडताळायचा कसा? दुकानदारांना विचारले, तर ते म्हणाले, “लाल आहे ना, दादा!”

शेकण्याचे साधन म्हणून पाचपैकी तीन गुण देईन, किंमत मात्र दुप्पट वाटते. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळत नाही; म्हणून पट्टा आधी दुसऱ्याने स्वतःच्या हाताला लावून पाहावा आणि नंतर तळपाय उजेडात तपासावेत. ही सूचना पत्रकात कुठेच नाही.