आरपीएस१९ची जीन तपासणी: सेवा चांगली, फॉर्म अपुरा

बाळ दोन-तीन महिन्यांचं, हिमोग्लोबिन घसरलेलं, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढलेला, रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) जवळजवळ नाहीत, पण पांढऱ्या पेशी ठीक. असं दिसलं की डायमंड-ब्लॅकफन ॲनिमियाचं (मज्जेत लाल पेशी पुरेशा न बनण्याचा जन्मजात आजार) जीन पॅनेल, म्हणजे अनेक जीनची एकत्र तपासणी, करायला सांगतात. पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेच्या या पॅनेलविषयी हे लिहितो आहोत.

पॅनेलमध्ये आरपीएस१९ सगळ्यात महत्त्वाचा. १९व्या गुणसूत्रावरच्या या जीनमधून १४५ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं आणि ते रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) ४०एस या लहान भागात बसतं. ते नसेल तर याच भागातल्या १८एस आरएनएची काटछाट अर्धवट राहते आणि लहान भाग पुरेसे तयार होत नाहीत. दोनपैकी एक प्रत बिघडली तरी आजार होऊ शकतो. या आजाराच्या साधारण चौथाई रुग्णांत दोष इथेच सापडतो, हे १९९९पासून माहीत आहे. आरपीएल५, आरपीएल११, आरपीएस२६ हेही या पॅनेलमध्ये आहेत.

सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्येच द्या, २ ते ३ मिली. हिरव्या झाकणाचा हेपरिनचा बल्ब चालत नाही, हेपरिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडतो. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअर करताना जेल पॅक घाला, पण बल्ब त्याला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कापसाचा थर हवा. थंडीने रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात.

आता फॉर्मची चूक. रक्त कधी चढवलं, हा रकानाच त्यात नाही. ही चूक गंभीर आहे. दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळल्या तर बाळाचा दोष झाकला जाऊ शकतो. म्हणून सॅम्पल पहिल्या पिशवीच्या आधी घ्या. ते जमलं नसेल तर काही आठवडे थांबा किंवा गालाच्या आतला स्वॅब चालेल का ते विचारा. निदानाला मदत म्हणून लाल पेशींतलं एडीए एन्झाइम मोजायचं असेल तर तेही रक्त चढवण्याआधीच, कारण नंतर आकडा दात्याच्या पेशींचा येतो.

रिपोर्ट मात्र नीट लिहिलेला असतो. बदल कुठल्या एक्सॉनमध्ये (जीनच्या, अंतिम आरएनएत राहणाऱ्या तुकड्यात) आहे, वाचन किती खोल झालं, म्हणजे तोच भाग किती वेळा वाचला, हे दिलेलं असतं. सापडलेला बदल सँगरने (एकेक तुकडा वाचण्याच्या जुन्या, खात्रीच्या पद्धतीने) पुन्हा तपासतात, आणि इथे ते करायलाच हवं. रायबोसोमच्या प्रथिनांच्या जीनच्या निकामी नकला जीनोमभर विखुरलेल्या असतात, त्यांचे तुकडे खऱ्या जीनवर चुकून बसतात. सँगरचे प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) इंट्रॉनमध्ये, म्हणजे एक्सॉनच्या मधल्या, आरएनएतून कापल्या जाणाऱ्या भागांत, ठेवले की या नकला गळतात, कारण त्यांत इंट्रॉन नसतात.

'दोष आढळला नाही' असा रिपोर्ट आला तरी थांबू नका. संपूर्ण जीन किंवा त्याचा मोठा तुकडा गळाला असेल तर साध्या वाचनात तो दिसत नाही. त्यासाठी एमएलपीए किंवा मायक्रोॲरे (जीनच्या प्रती मोजणाऱ्या तपासण्या) वेगळं मागावं लागतं, या पॅनेलमध्ये ते नाही. आरपीएस१९चा पहिला एक्सॉन प्रथिनाचा संकेत देत नाही, म्हणून काही पॅनेल तो सोडून देतात. इथे तो वाचलेला असतो, ही जमेची बाजू.

दोष सापडला तर आई-वडिलांची आणि भावंडांची फक्त त्याच बदलापुरती तपासणी करून घ्या. अस्थिमज्जा देऊ इच्छिणारं भावंड ठणठणीत दिसलं तरी तोच दोष बाळगून असू शकतं. तपासल्याशिवाय त्याची मज्जा घेऊ नये.