क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३: चांगला आहे, पण अर्धवट लावलेला काही कामाचा नाही

अश्लील साइट घरच्या वायफायवरच अडवायच्या असतील तर क्लाउडफ्लेअर कंपनीचा हा फुकट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी सेवा) आमची पहिली पसंती. एप्रिल २०२० पासून तो चालू आहे. १.१.१.२ फक्त घातक साइट अडवतो, १.१.१.३ त्यासोबत अश्लीलही. मुलं असलेल्या घरात १.१.१.३ च लावा. खातं उघडायला नको, ॲपही नको.

राउटरचं पान १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर उघडतं. तिथे डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सेटिंग) प्रायमरी १.१.१.३ आणि सेकंडरी १.०.०.३ भरा, इंग्रजी अंकांत. सांगली-मिरजेत केबलवाल्याकडून फायबर घेतलं असेल तर पासवर्ड बऱ्याचदा त्याच्याकडेच असतो. फोन करून त्यालाच बदलायला लावा. तो तयार नसेल तर त्याच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडा, आणि डब्याचं वायफाय आठवणीने बंद करून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत सेकंडरीच्या रकान्यात होते. 'एक बंद पडला तर दुसरा असावा' म्हणून तिथे गुगलचा ८.८.८.८ टाकतात. पण मोबाइल-लॅपटॉप दुसरा पत्ता फक्त अडचणीतच वापरतात असं नाही, मनाला येईल तेव्हा त्यालाही विचारतात. मग तीच साइट कधी अडते, कधी उघडते, आणि दोष फिल्टरला दिला जातो.

दुसरी गळती आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. कनेक्शनवर ते चालू असेल तर राउटर इंटरनेट कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएसही घरभर वाटतो आणि १.१.१.३ ला कुणी विचारतच नाही. त्या रकान्यात २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. रकानाच नसेल तर राउटरवर आयपीव्ही६ बंद करा.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतो. त्यात दुसरं नाव भरलं असेल तर राउटरचं काही चालत नाही. तिथे 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' इंग्रजीत लिहा. मोबाइल डेटावरही तेच लागू राहतं. ब्राउझरमधला 'सिक्युअर डीएनएस'ही तपासा, तोही राउटरला टाळू शकतो. व्हीपीएन ॲप (सगळं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं) मात्र या सगळ्याला वळसा घालतं. ते रोखायचं तर ॲप टाकण्याची परवानगी पालकांच्या हाती हवी.

आमची खरी तक्रार एकच: चुकून चांगली साइट अडली तर ती घरबसल्या सोडवता येत नाही, कारण खातंच नाही. सुरुवातीला एलजीबीटी विषयावरच्या माहितीच्या साइटही अडल्या होत्या. कंपनीने चूक मान्य करून त्या मोकळ्या केल्या.

मुलं दहाच्या आतली असतील तर क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर घ्या: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो गुगल आणि यूट्यूबला सुरक्षित मोडमध्ये ठेवतो, रेडिटसारख्या मिश्र साइटही बंद करतो. मोठ्यांना मात्र यूट्यूबवरच्या कमेंट दिसेनाशा होतात, आणि घरात कुरकुर सुरू होते.

१.१.१.३ लावल्यावर उपकरणं वायफायवरून तोडून पुन्हा जोडा. मग लॅपटॉपवर 'एनएसलुकअप' कमांडने 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' विचारा. उत्तर ०.०.०.० आलं तर फिल्टर लागला. दुसरा पत्ता आला तर आधी आयपीव्ही६ बघा.