बोटीला ‘न फुटणारी काच’ म्हणून भलतंच प्लास्टिक बसवलं, सावध राहा

तापोळा, बामणोलीकडं ज्यांच्या बोटी आहेत त्यांनी हे जरूर वाचा. माझ्या मामांची शिवसागरवर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, जुनी फायबरची केबिनवाली बोट आहे, घरच्यांना न पाहुण्यांना फिरवायला. तिची एका बाजूची खिडकी फांदी लागून तडकली. साताऱ्यातला एक पार्टिशन-शेडची कामं करणारा आहे, नाव घेत नाही, तो म्हणला मामा काच नकोच, सहा एमएमचं पॉलीकार्बोनेट (काचेसारखं पारदर्शक, मजबूत प्लास्टिक) टाकतो, यूव्ही कोटिंगवालं (उन्हानं खराब होऊ नये म्हणून थर दिलेलं), हातोडा घातला तरी फुटायचं नाही, आणि एक बदलताय तर दुसरी बाजू पण करून घ्या, दोन्ही सारख्या दिसतील. अठरा हजार सांगितले, दहा हजार इसार घेतला, आणि पावती कसली तर साध्या कागदावर "बोट काच २ नग" एवढंच.

शीट आणली ती वरची फिल्म काढूनच. खरी यूव्ही कोटिंगची शीट दोन्ही बाजूनं फिल्म लावून येते, कोटिंगची बाजू कुठली ते फिल्मवर छापलेलं असतं आणि ती बाजू उन्हाकडं ठेवायची असते. मामांनी विचारलं तर म्हणला कापताना काढावीच लागते. साफ खोटं! ओरखडे पडू नयेत म्हणून फिल्म ठेवूनच कापतात.

एक उन्हाळा गेला न दोन्ही खिडक्या पिवळ्या पडल्या, प्रत्येक स्क्रूभोवती बारीक चिरा. मग कोयनेचा पाऊस, तो काय तुम्हाला सांगायला नको, पाणी चिरांतून आत शिरलं आणि केबिनच्या भिंतीतलं प्लायवूड कुजलं. खिडकीचे पैसे गेले ते गेले पण ह्या प्लायवूडचा खर्च त्याच्यापेक्षा जास्त आहे, मामा बिचारे बोलत नाहीत पण लई मनाला लागलंय त्यांच्या.

कोकणातल्या एका फायबर कारागिरानं फुटका तुकडा मोकळ्यावर नेऊन पक्कडीत धरून पेटवला. काळा काजळीचा धूर! म्हणजे पॉलिस्टायरीन, फोटोफ्रेमला लावतात ते स्वस्तातलं. पॉलीकार्बोनेट असतं तर जाळ बाजूला केल्यावर आपोआप विझलं असतं, अ‍ॅक्रिलिक (हे पण काचेसारखं दिसणारं प्लास्टिक) जळत राहतं पण धूर फारसा करत नाही आणि वास जरा फळासारखा गोडसर येतो. म्हणून पैसे द्यायच्या आधी कापलेला तुकडा मागून घ्या, देत नसेल तर काम थांबवा.

बसवणं पण तसलंच. स्क्रूएवढंच भोक पाडून गच्च आवळलेलं. तीस डिग्रीचा फरक पडला की मीटरभर पॉलीकार्बोनेट साधारण दोन मिलिमीटर वाढतं, अ‍ॅक्रिलिकचंही तसंच, त्याला जागा नको का? भोक मोठं लागतं आणि कडेला पण गॅप. वर बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरलेलं, पॉलीकार्बोनेटला न्यूट्रल क्युअर, म्हणजे तो आंबट वास न येणारं सिलिकॉन लागतं.

जाब विचारला तर म्हणतो तुम्हीच थिनरनं पुसलं असणार. थिनरनं अशा शीटला चिरा पडतात हे खरंय, पण बोटीवर थिनरचा डबाच नाही, आणि पिवळेपणा काय थिनरनं येतो का? मग १९१५ ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, तिथं पण तो दाद देत नाही, आता साताऱ्याच्या ग्राहक आयोगात जातोय. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, त्यामुळं खर्चाच्या भीतीनं गप्प बसू नका. कुणाकडं असंच काम झालं असेल तर ती पिवळी शीट भंगारात देऊ नका, पावती आणि फोटोंसोबत जपून ठेवा आणि मला कळवा.